पाच फेऱ्यांचा पुरावा पुरेसा नाही

पॉलिमरवर बसवलेल्या उत्प्रेरकांवरचा शोधनिबंध उघडला, की शेवटाकडे एक छोटा तक्ता हमखास सापडतो. पहिल्या फेरीत ९८ टक्के उतारा, दुसऱ्या फेरीत ९८, तिसरीत ९७, चौथीत ९७, पाचवीत ९६. उत्प्रेरक गाळून, धुऊन, वाळवून पाच वेळा वापरला आणि त्याची ताकद जवळपास तशीच राहिली, असे लेखक त्याखाली नमूद करतात. अल्कोहोलपासून आल्डिहाइड किंवा कीटोन करण्याच्या अभिक्रियेवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत असे साहित्य इतके साचले आहे, की वाचणाऱ्याला हा प्रश्न सुटल्यातच जमा वाटावा. तरीही या उत्प्रेरकांपैकी फार थोडे प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडून कारखान्यात गेले. उद्योगांना नव्याची धास्ती असते, हे त्याचे एक कारण. मला मोठे वाटणारे कारण वेगळे आहे. पाच फेऱ्यांचा तक्ता जे सिद्ध करतो असे आपण धरून चालतो, ते तो सिद्ध करतच नाही. अल्कोहोलच्या ऑक्सिडीकरणात तर तो अधिकच फसवा ठरतो, कारण इथे उत्प्रेरकाला आधार देणारा पॉलिमर स्वतःच ऑक्सिडीकरणाला बळी पडणारा पदार्थ आहे. हे ध्यानात ठेवून या क्षेत्राकडे पाहिले, तर कोणते उत्प्रेरक खरे टिकाऊ आणि कोणते फक्त तक्त्यात टिकाऊ, हे बरेच स्पष्ट होते.

अभिक्रिया कागदावर साधी आहे. अल्कोहोलमधून दोन हायड्रोजन काढायचे, एक ऑक्सिजनवरचा आणि एक शेजारच्या कार्बनवरचा. प्राथमिक अल्कोहोलचे आल्डिहाइड होते, द्वितीयकाचे कीटोन. औषधे, अत्तरे, स्वादद्रव्ये, कीटकनाशके यांच्या संश्लेषणात ही पायरी पावलोपावली येते. ते हायड्रोजन कोण नेणार आणि नेऊन कुठे ठेवणार, यावर सगळा खर्च आणि सगळी घाण ठरते. बराच काळ हे काम क्रोमियमने केले. १९४६ मध्ये जोन्स यांचे क्रोमिक आम्लाचे द्रावण आले, १९७५ मध्ये कोरी आणि सग्ज यांचे पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट, म्हणजे पीसीसी. याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. एक मोल, म्हणजे १०८ ग्रॅम बेंझिल अल्कोहोल घेतले आणि प्रघाताप्रमाणे दीड मोल पीसीसी वापरले, तर जास्तीत जास्त १०६ ग्रॅम बेंझाल्डिहाइडसाठी ३२३ ग्रॅम पीसीसी खर्ची पडते. अभिक्रिया संपल्यावर फ्लास्कच्या तळाला डांबरासारखा काळा चिकट थर बसतो. तो सुटावा म्हणून आधीच सेलाइट किंवा सिलिका घालून ठेवतात, म्हणजे फेकायच्या घन कचऱ्यात आणखी भर पडते. सहासंयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. तमिळनाडूतील राणीपेट येथे बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्यामागे साचलेल्या गाळाने भूजल दूषित केले, हे सर्वांसमोर आहे. तो गाळ क्रोमियमची रसायने बनवताना साचला, अल्कोहोलच्या ऑक्सिडीकरणातून नव्हे. पण क्रोमियमचे प्रत्येक अभिकारक अशाच एखाद्या कारखान्यातून निघते. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवान्याशिवाय वापरता येत नाही.

क्रोमियमला पर्याय होते, आणि त्यातले काही उत्तमही होते. स्वर्न पद्धतीत धातू नाही, पण उणे ६० अंशांखालचे तापमान लागते आणि डायमिथिल सल्फाइडचा असह्य वास सोसावा लागतो. डेस आणि मार्टिन यांचे १९८३ चे आयोडीनयुक्त अभिकारक सौम्य आहे, पण महाग आहे आणि तेही मोलाला मोल खर्च होते. खरे वळण १९८७ मध्ये आले. त्या वर्षी इटलीत आनेल्ली, मोंतानारी आणि सहकाऱ्यांनी टेम्पो या स्थिर नायट्रॉक्सिल मूलकाचा एक मोल टक्का, थोडे ब्रोमाइड आणि साधे ब्लीच वापरून शून्य अंशाला काही मिनिटांत अल्कोहोलचे आल्डिहाइड करून दाखवले. त्याच वर्षी ग्रिफिथ आणि ले यांनी टीपॅप हा पररुथेनेट क्षार उत्प्रेरक म्हणून पुढे आणला. आता ऑक्सिडीकारक स्वस्त झाला आणि महाग वस्तू अल्प प्रमाणात लागू लागली. मग ती अल्प वस्तूही परत मिळवावी, हा विचार ओघानेच आला.

परत मिळवण्याची वाट ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्येच दाखवून ठेवली होती. डायव्हिनिलबेंझीनने हलकेच विणलेल्या पॉलिस्टायरीनच्या मण्यांवर त्यांनी पेप्टाइडची साखळी एकेका अमिनो आम्लाने वाढवली आणि प्रत्येक पायरीनंतर शुद्धीकरणाऐवजी फक्त गाळणे आणि धुणे ठेवले. या कामाला १९८४ चे नोबेल मिळाले. मणी डोळ्यांना वाळूच्या बारीक कणासारखा दिसतो, पण डायक्लोरोमिथेन किंवा टोल्यूइनमध्ये टाकला की तो ओल्या साबुदाण्यासारखा फुगतो आणि त्याच्या आतल्या साखळ्या विलायकात मोकळ्या होतात. अभिक्रिया पृष्ठभागावर न होता मण्याच्या पोटात होते. पाण्यात मात्र हाच मणी आक्रसलेला राहतो आणि पोटातली बहुतेक जागा अभिक्रियेला मिळतच नाही. म्हणून विणीचे प्रमाण एक-दोन टक्के ठेवायचे, की वीस टक्क्यांच्या पुढे नेऊन कायमची छिद्रे असलेला टणक मणी करायचा, हा निर्णय उत्प्रेरकाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा असतो. निबंधांत त्यावर बहुधा एखादेच वाक्य असते.

पॉलिमर आधार मुळात उद्योगाला चालतच नाही, असे म्हणता येत नाही. सल्फॉनिक आम्ल असलेल्या पॉलिस्टायरीनच्या रेझिनवर मिथेनॉल आणि आयसोब्यूटिलीनपासून एमटीबीई हे पेट्रोलमध्ये मिसळायचे ईथर प्रचंड प्रमाणावर बनले. बिस्फिनॉल-ए बनवतानाही अशीच रेझिने हायड्रोक्लोरिक आम्लाची जागा घेतात. मुंबईच्या तेव्हाच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, प्रा. एम. एम. शर्मा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आम्लधर्मी रेझिनांवर वर्षानुवर्षे काम केले आणि त्यांचे आढावा लेख जगभर वाचले गेले. आयन-विनिमय रेझिन बनवणाऱ्या जाणत्या कंपन्या मुंबई-पुण्यात आहेत. म्हणजे आधार, कारागिरी आणि कारखान्यातली सवय, तिन्ही उपलब्ध होते. तरीही आम्लाच्या उत्प्रेरणात जे घडले ते ऑक्सिडीकरणात घडले नाही, आणि याचे उत्तर दोन्ही अभिक्रियांच्या स्वभावातच आहे. सल्फॉनिक आम्लाचा गट बेंझीनच्या वलयाला पक्क्या बंधाने जोडलेला असतो. तो प्रोटॉन देतो आणि परत घेतो. तापमान १२० अंशांच्या आत ठेवले, तर रेझिन वर्षभरही काम देते. त्या अभिक्रियेत पॉलिमरशी वैर धरणारे काही नसते.

ऑक्सिडीकरणात असते. पॉलिस्टायरीनच्या साखळीत एकाआड एक कार्बनवर एकच हायड्रोजन असतो. तो कार्बन तृतीयक, आणि शिवाय बेंझीनच्या वलयाला लागून. नेमका असाच हायड्रोजन क्यूमीनमध्ये असतो. क्यूमीनमधून हवा सोडून त्या जागी पेरॉक्साइड बनवणे आणि ते फोडून फिनॉल व अॅसिटोन मिळवणे हा जगातला फिनॉल बनवण्याचा मुख्य मार्ग आहे, आणि ती अभिक्रिया साधारण शंभर अंशांच्या आसपास चालते. म्हणजे गरम विलायकात, ऑक्सिजनच्या साक्षीने, धातूच्या सोबतीने आपण पॉलिस्टायरीनचा मणी ठेवतो, तेव्हा क्यूमीनच्या कारखान्यातल्यासारखीच परिस्थिती त्याच्याभोवती उभी करतो. त्यातच मण्यावर गट जोडायचा नेहमीचा पूल म्हणजे मेरिफील्डचा क्लोरोमिथिल गट. जोडणी झाल्यावर तिथे जो मिथिलीन कार्बन उरतो, तोही वलयाला लागूनच असतो. आपण ज्या बेंझिल अल्कोहोलवर उत्प्रेरकाची चाचणी घेतो, त्याच जातीचा हा सांधा आहे. उत्प्रेरक अल्कोहोल ओळखू शकतो, तर सांधाही ओळखणारच.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. या क्षेत्रातले सर्वांत बोलके उदाहरण केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाचे आहे. १९९७-९८ मध्ये त्यांनी चतुर्थक अमोनियम गट असलेल्या आयन-विनिमय रेझिनवर पररुथेनेट बसवले आणि शुद्ध ऑक्सिजनने अल्कोहोलचे आल्डिहाइड केले. कल्पना सुंदर होती: अभिक्रियेनंतर मणी गाळायचे, विलायक उडवायचा, की हातात स्वच्छ आल्डिहाइड, स्तंभवर्णलेखनाची गरजच नाही. पण दहा मोल टक्के उत्प्रेरक लागत होता आणि पॉलिस्टायरीनचा आधारच ऑक्सिडीकरणाने खराब होत असल्याने तो नीट पुन्हा वापरता येत नव्हता. १९९९ मध्ये याच गटाने पररुथेनेट पॉलिमरऐवजी एमसीएम-४१ या सच्छिद्र सिलिकाच्या नळ्यांत बांधले, आणि मग तोच उत्प्रेरक परत परत वापरता आला. उत्प्रेरक तोच, ऑक्सिजन तोच, बदलला तो फक्त आधार. आधार म्हणजे निरुपद्रवी खुंटी, हे गृहीतक इथे मोडले. नंतरच्या निबंधांनी या उदाहरणाचा संदर्भ पुष्कळ दिला, पण त्यातून घ्यायचा धडा फारसा घेतला नाही, असे मला वाटते.

आता त्या तक्त्याकडे वळू. बेंझिल अल्कोहोलची एक बॅच ताज्या उत्प्रेरकाने दोन तासांत ९९ टक्के पूर्ण होते, असे समजू. पण प्रयोग रात्रभर, बारा तास ठेवला जातो, कारण सकाळी येऊन गाळणे सोयीचे पडते. प्रत्येक फेरीत उत्प्रेरकाची २० टक्के ताकद जाते, असेही धरू. पाचव्या फेरीला ताकद ४१ टक्के उरलेली असेल. तरी बारा तासांत अभिक्रिया पूर्ण होईल आणि तक्त्यात ९९ टक्के लिहिले जाईल. दहाव्या फेरीला ताकद १३ टक्क्यांवर आली असेल, म्हणजे ८७ टक्के उत्प्रेरक निकामी झाला. तरी पहिल्या कोटीच्या साध्या हिशेबाने उतारा ९७ टक्क्यांच्या वरच येतो. ज्या तक्त्यात हा मृत्यू दिसतच नाही, त्या तक्त्याला टिकाऊपणाचा पुरावा कसे म्हणायचे? जॉर्जिया टेकचे क्रिस्टोफर जोन्स यांनी २०१० मध्ये आधारावर बसवलेल्या धातुसंकुलांविषयीच्या गैरसमजांवर स्वतंत्र निबंध लिहिला, त्यातला एक मुख्य मुद्दा हाच होता: शेवटचा उतारा मोजू नका, वेग मोजा. हे करायला नवे उपकरण लागत नाही. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत दर काही मिनिटांनी नमुना काढायचा, गॅस क्रोमॅटोग्राफवर घालायचा, आणि प्रत्येक फेरीच्या आरंभीच्या वेगाची तुलना करायची. उतारा अर्ध्यावर असतानाच थांबवून केलेली पाच फेऱ्यांची चाचणी ही पूर्ण उताऱ्याच्या वीस फेऱ्यांपेक्षा जास्त सांगते.

दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे. काम करतो तो उत्प्रेरक मण्यात आहे, की मण्यातून सुटून द्रवात उतरलेला आहे? लीचिंग, म्हणजे असे सुटणे, दोन टक्केच झाले, असे निबंधात वाचून आपण समाधान मानतो. पण ते दोन टक्केच जर सगळे काम करत असतील, तर उरलेले ९८ टक्के म्हणजे केवळ कोठार. थोडे थोडे देत राहणारे आणि एक दिवस रिकामे होणारे. डेल्फ्टचे रॉजर शेल्डन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये द्रवातल्या ऑक्सिडीकरणासाठीच्या घन उत्प्रेरकांवर लेख लिहिला, तेव्हा शीर्षकातच विचारले होते, की हे परीस आहेत की ट्रोजन घोडे? क्रोमियमयुक्त अॅल्युमिनोफॉस्फेट चाळणी पुन्हा पुन्हा वापरता येते असे दिसत होते, पण प्रत्यक्षात विरघळलेले किंचित क्रोमियमच काम करत असल्याचे त्यांच्या गटाने दाखवले. चाचणी सोपी आहे: अभिक्रिया अर्ध्यावर आली की ती गरम असतानाच मणी गाळून काढायचे आणि उरलेला द्रव तसाच तापवत ठेवायचा. उतारा पुढे वाढला, तर उत्प्रेरक द्रवात आहे. थंड करून गाळले तर सुटलेला धातू परत मण्यावर बसू शकतो आणि चाचणी खोटी ठरते, म्हणून गरम गाळण्यावर भर.

या कसोटीवर सर्वांत कमकुवत वाटतो तो वर्ग म्हणजे क्लोरोमिथिल पॉलिस्टायरीनवर शिफ बेस जोडून त्यात तांबे, कोबाल्ट, मँगनीज किंवा रुथेनियम बसवलेली संकुले. भारतीय विद्यापीठांतून अशा संकुलांवरचे निबंध मोठ्या संख्येने येतात. बनवायला सोपी आहेत, रंगीत आहेत, अवरक्त वर्णपटात चांगली दिसतात. पण शिफ बेसचा कार्बन-नायट्रोजन बंध पाण्यात तुटतो आणि ऑक्सिजन किंवा पेरॉक्साइडने केलेल्या अल्कोहोलच्या ऑक्सिडीकरणात पाणी तयार होते. ऑक्सिडीकारक म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा टर्शरी-ब्यूटिल हायड्रोपेरॉक्साइड वापरले, की धातू सुटण्याची शक्यता आणखी वाढते, आणि पेरॉक्साइड फोडून मूलकांची साखळी सुरू करायला सुटलेल्या धातूचा अंशही पुरतो. शिवाय चाचणी जवळपास नेहमी बेंझिल अल्कोहोलवर, जे सर्वांत सहज ऑक्सिडीकृत होते. १-ऑक्टेनॉलसारखे साधे लांब साखळीचे अल्कोहोल, किंवा अमाइन आणि सल्फाइड असलेला औषधाचा खरा मध्यस्थ समोर ठेवला, की चित्र बदलते. या वर्गातल्या कामाला मी निरुपयोगी म्हणत नाही. पण गरम गाळण आणि वेगाची नोंद नसलेल्या दाव्याला टिकाऊपणाचा दावा मानायला मी तयार नाही.

कसोटीला उतरणारा पहिला वर्ग नायट्रॉक्सिलचा आहे. टेम्पोचा खरा कामकरी अवतार म्हणजे ऑक्सोअमोनियम आयन. तो अल्कोहोलकडून हायड्रोजन घेऊन हायड्रॉक्सिलअमाइन होतो आणि ब्लीच त्याला पुन्हा मूळ रूपात आणते. नायट्रॉक्सिलच्या दोन्ही बाजूंना चार मिथिल गट भिंतीसारखे उभे असतात, म्हणून तो सहज मोडत नाही. यात धातू नाही, त्यामुळे उत्पादनात धातू उतरण्याचा प्रश्नच नाही. औषध-उद्योगासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण तोंडाने घ्यायच्या औषधातून पॅलेडियमसाठी दिवसाला १०० मायक्रोग्रॅम एवढीच आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. २००० मध्ये डाइक्समन, आरेंड्स आणि शेल्डन यांनी केलेले काम मला या सगळ्या साहित्यात सर्वांत समंजस वाटते. त्यांनी नवे रेझिन बनवलेच नाही. पॉलिहाउसच्या फिल्मा उन्हाने लवकर फाटू नयेत म्हणून प्लास्टिकमध्ये जी अमाइनजातीची स्थिरके मिसळतात, त्यांपैकी चिमासॉर्ब ९४४ हे बाजारात मिळणारे स्थिरक त्यांनी घेतले. त्याच्या लहानशा पॉलिमर साखळीत टेम्पोची जननी असलेली पायपेरिडीनची वलये आधीच असतात. त्यांचे ऑक्सिडीकरण केले आणि पिपो हा उत्प्रेरक हाती आला. पिपोला ब्लीचसोबत ना ब्रोमाइड लागते, ना डायक्लोरोमिथेन. ज्या विलायकात तो विरघळत नाही त्यात तो घन उत्प्रेरक म्हणून चालतो आणि गाळून घेता येतो. स्थिरक उन्हात टिकून राहावे म्हणूनच घडवले गेले आहे, आणि त्याच्या साखळीत वलयाला लागून असलेले ते कमजोर बेंझिलिक हायड्रोजन नाहीत. आधार आणि उत्प्रेरक एकच असल्याने सांधा तुटण्याचा प्रश्नही उरत नाही.

पिपोची मर्यादा ब्लीचमध्ये आहे. एक मोल अल्कोहोलला कारखान्यात मिळणारे १० ते १२ टक्क्यांचे ब्लीच अर्ध्या किलोपेक्षा जास्तच लागते, आणि मागे अभिक्रियेतूनच सुमारे ६० ग्रॅम मीठ पाण्यात उरते. मीठ विषारी नाही, पण सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतल्या जैविक टाक्यांतून ते तसेच बाहेर पडते. म्हणून हवेतला ऑक्सिजन वापरायची ओढ समजण्यासारखी आहे. मात्र नायट्रॉक्सिलला ऑक्सिजनने परत आणायला सोबती लागतो, कधी तांबे, कधी नायट्राइट. शॅनन स्टाल यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये तांबे आणि टेम्पो यांची जोडी साध्या हवेत, खोलीच्या तापमानाला चालवून दाखवली. तिथे फक्त टेम्पो पॉलिमरवर बसवला आणि तांबे द्रवात ठेवले, तर अर्धाच उत्प्रेरक परत मिळतो. उरलेल्या अर्ध्याची नोंद निबंधाच्या सारांशात असायला हवी.

दुसरा टिकणारा वर्ग सूक्ष्म धातुकणांचा आहे. टोकियोच्या श्यू कोबायाशी यांनी धातू पॉलिमरला बंधाने बांधण्याऐवजी पॉलिमरच्या जाळ्यात कोंडण्याची युक्ती २००३ मध्ये पॅलेडियमसाठी आणि २००७ मध्ये सोन्यासाठी वापरली. स्टायरीनजातीच्या पॉलिमरवर काही ठिकाणी इपॉक्साइड आणि काही ठिकाणी हायड्रॉक्सिल गट ठेवायचे, त्यांच्या सान्निध्यात सोन्याचे एक-दोन नॅनोमीटरचे पुंजके तयार करायचे आणि मग तापवून जाळे विणायचे. बेंझीनची वलये अनेक बाजूंनी मिळून कणाला सैलसे धरून ठेवतात. यात अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण साध्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये, खोलीच्या तापमानाला, पाणी असताना झाले आणि उत्प्रेरक परत वापरता आला. हाही पॉलिस्टायरीनचाच आधार आहे, मग तो का टिकला? माझ्या मते उत्तर तापमानात आहे. क्यूमीनजातीचा हायड्रोजन तुटायला उष्णता लागते. सोन्याचा पुंजका तीस अंशांना काम करतो म्हणून आधार वाचतो. ओकाझाकीच्या यासुहिरो उओझुमी यांनी पॉलिस्टायरीनवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या लावून मणी पाण्यात फुगेल असा केला आणि त्यात पॅलेडियम, पुढे प्लॅटिनमचे कण पसरवून पाण्यातच ऑक्सिडीकरण केले. ज्वलनशील विलायकच नसल्याने ऑक्सिजनचा धोकाही कमी झाला. सोन्याच्या मार्गाला बहुधा अल्क लागतो, ही त्याची खोट आहे. अल्क सोसू न शकणारी नाजूक आल्डिहाइडे त्यात टिकत नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा, की पाच वेळा वापर हा शून्य वेळा वापरापेक्षा तरी बरा. हिशेब करू. समजा मण्यांवर ग्रॅममागे एक मिलिमोल टेम्पो आहे आणि आपण एक मोल अल्कोहोलला एक मोल टक्का वापरला. म्हणजे दहा ग्रॅम मणी लागले. तेवढाच मोकळा टेम्पो दीड ग्रॅमच्या आसपास लागला असता. पाच फेऱ्यांत प्रत्येक नायट्रॉक्सिल जास्तीत जास्त ५०० वेळा फिरला. मोकळा टेम्पो ०.१ मोल टक्का वापरून एकाच बॅचमध्ये अभिक्रिया पूर्ण करता आली, तर तोच आकडा एकदाच १००० होतो, आणि मणी धुण्यात दर फेरीला जाणारा विलायक वाचतो तो वेगळाच. पुनर्वापराची तुलना उत्तम मोकळ्या उत्प्रेरकाशी व्हायला हवी, टाकून दिलेल्या उत्प्रेरकाशी नव्हे. टेम्पो स्वस्त होत गेला तसे हे पारडे आणखी झुकले. सोने, प्लॅटिनम, रुथेनियम यांच्या बाबतीत मात्र आक्षेपात तथ्य आहे. तिथे धातू परत मिळणे हेच मोठे मोल आहे.

दुसरा आक्षेप: पॉलिमर इतका नाजूक असेल, तर सरळ सिलिका किंवा कार्बन का वापरू नये? पुष्कळदा वापरावाच, ले यांच्या गटाने तेच केले. पण सिलिका अल्कधर्मी पाण्यात हळूहळू विरघळते, आणि ब्लीच काय किंवा सोने काय, दोघांनाही अल्कच हवा असतो. पॉलिमरची पाण्याशी असलेली जवळीक आपल्याला हवी तशी घडवता येते, हा त्याचा खरा गुण आहे. तेव्हा पॉलिमर सोडण्यापेक्षा पॉलिस्टायरीनची सवय सोडणे अधिक शहाणपणाचे. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात डेव्हिड शेरिंग्टन यांनी उष्णता आणि ऑक्सिजन दोन्ही सोसणाऱ्या पॉलिबेंझिमिडाझोलवर मॉलिब्डेनम बसवून इपॉक्साइड बनवले होते. ती दिशा अल्कोहोलच्या कामात फारशी कुणी पुढे नेलेली नाही.

कारखान्याच्या दृष्टीने बोलायचे तर फेऱ्या हे एककच चुकीचे आहे. फ्लास्कमध्ये चुंबकी कांडी फिरते तेव्हा ती तळाशी मण्यांना दळत असते. दोन-तीन फेऱ्यांनंतर द्रव किंचित गढूळ दिसतो, ते दळलेले मणी असतात; ते गाळणकागदातून निसटतात किंवा त्याची छिद्रे बुजवतात. पाचव्या फेरीला उतारा कमी झाला, तर उत्प्रेरक मेला की मणी हरवले, हे वजन केल्याशिवाय सांगता येत नाही. मणी नळीत भरून द्रव त्यातून वाहता ठेवला, की दळणे थांबते आणि किती तास, किती लिटर, किती किलो, असा खरा हिशेब मिळतो. वेग कमी झाला तर तो आलेखावर लगेच दिसतो. ऑक्सिजनही वाहत्या नळीत सुरक्षित हाताळता येतो: नायट्रोजनमध्ये मिसळून त्याचे प्रमाण आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास ठेवले, की बहुतेक विलायकांची वाफ पेट घेत नाही, आणि कोणत्याही क्षणी नळीत द्रव थोडाच असतो.

पुढच्या वेळी असा निबंध लिहिताना किंवा तपासताना चार गोष्टी मागाव्यात, अशी संशोधकांना आणि परीक्षकांना विनंती आहे: प्रत्येक फेरीचा आरंभीचा वेग, गरम गाळणीचा निकाल, परत मिळालेल्या मण्यांचे वजन, आणि बेंझिल अल्कोहोलसोबत निदान एक १-ऑक्टेनॉल. चौथ्या मागणीसाठी एक बाटली जास्त लागेल. पहिल्या तिन्हींसाठी लागणारी साधने बहुतेक प्रयोगशाळांत आधीच आहेत.